दादासाहेब फाळके : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा धनी

कल्याण स्थानक मागे पडले की मध्य रेल्वेचे रूळ दोन दिशांना फुटतात. एक फाटा शहाड, आंबिवली, टिटवाळा करीत भातसेच्या काठच्या खडवलीला पोचतो आणि पुढे वासिंद, आसनगाव, कसारा ओलांडून थळ घाट चढत नाशिकला जातो. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, कर्जत असा बोर घाटाच्या पायथ्याशी येऊन लोणावळ्याला जातो. पावसाळ्यात नदीवर जाण्यासाठी खडवलीला उतरणारे मुंबईकर असोत, की रोज वांगणीहून कामावर येणारे चाकरमाने असोत, या दोन फाट्यांवर एका माणसाचे जवळजवळ सगळे कर्तृत्व विखुरलेले आहे, याची जाणीव त्यांना क्वचितच असते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा छापखाना लोणावळ्याला होता, त्यांच्या पहिल्या चित्रपटाचे बाह्यचित्रण वांगणीला झाल्याचे त्यांची चरित्रे सांगतात आणि त्यांचा स्टुडिओ, त्यांचे घर व त्यांचा शेवट नाशिकला झाला. नाशिकहून मुंबईला येण्याचा रेल्वेमार्ग तेव्हाही खडवलीवरूनच जात होता.

दादासाहेब फाळके यांचे नाव आज एका पुरस्कारामुळे सर्वतोमुखी आहे. १९६९ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराच्या निमित्ताने दरवर्षी भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे स्मरण होते. परंतु या जनकाने निर्मिलेल्या चित्रपटांपैकी किती शिल्लक आहेत, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. सुमारे एकोणीस वर्षांच्या काळात त्यांनी नव्वदहून अधिक मोठे चित्रपट आणि वीसपेक्षा जास्त लघुपट तयार केले. आज पडद्यावर दाखविता येतील अशी त्यांची रिळे एका बैठकीत पाहून होतात. उरलेले सारे जळाले, सडले, विकले गेले किंवा कोठे गेले ते कळलेच नाही. जे उरले, ते निगेटिव्ह जपण्याच्या आणि तिची प्रत काढण्याच्या शास्त्रामुळे उरले. हे शास्त्र फाळक्यांना सिनेमाच्या कितीतरी आधीपासून अवगत होते, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विरोधाभास म्हणावा लागेल.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका वैदिक घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याची संधी त्यांना मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्र्यांच्या मुलाने शास्त्रीच व्हावे, अशी अपेक्षा त्या काळात असणार. धुंडिराजाचा ओढा मात्र चित्रांकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथून ते बडोद्यास गेले आणि प्रा. त्रि. क. गज्जर यांच्या प्रोत्साहनाने कलाभवनात रमले. गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार होते. कला आणि कारागिरी यांत त्यांनी भेद मानला नाही, आणि हा धडा फाळक्यांनी जन्मभर गिरविला. तैलचित्रे, वास्तुकला, नाट्यगृहाच्या प्रतिकृती, छायाचित्रण, तीन रंगांचे ठसे तयार करण्याची प्रक्रिया अशी एकामागून एक विद्या त्यांनी हस्तगत केली. रंगीत ठशांचे आणि अंधाऱ्या खोलीतले प्रगत काम शिकण्यासाठी गज्जरांनी त्यांना रतलामला पाठविले.

या टप्प्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. फाळक्यांचे चरित्र सांगताना बहुतेक लेखक १९११ सालाकडे धाव घेतात. वास्तविक त्याआधीची वीस वर्षे त्यांनी निगेटिव्ह या वस्तूच्या सहवासात घालविली होती. काचेवरील रासायनिक लेप, त्यात उमटणारी उलटी प्रतिमा, काळ्याच्या जागी पांढरे आणि पांढऱ्याच्या जागी काळे, ती धुऊन पक्की करण्याची कृती, तिच्यावरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढण्याची सोय, हे सारे त्यांच्या हातवळणी पडले होते. चांगल्या निगेटिव्हवरून वाईट छपाई होऊ शकते. पण वाईट निगेटिव्हवरून चांगली छपाई कधीच होत नाही, हे कोणत्याही छायाचित्रकाराला पहिल्या वर्षातच कळते.

१८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. तेथे त्यांच्यावर आकाश कोसळले. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. गोध्रा सोडून ते बडोद्यास परतले, पण तेथेही जम बसेना. कॅमेरा माणसाची जीवनशक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी समजूत लोकांत पसरली होती, आणि खुद्द राजदरबारी माणसेही त्याला अपवाद नव्हती, असे चरित्रकार सांगतात. नाटकांचे पडदे रंगविणे, जादूचे प्रयोग करणे अशीही कामे त्यांनी केली. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केळफा या नावाने ते रंगमंचावर जादूगार म्हणून उभे राहत. दृष्टिभ्रमाची ही हौस पुढे त्यांच्या पौराणिक चित्रपटांना फार उपयोगी पडली.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वती झाल्या आणि पुढे साऱ्या कंपनीच्या काकी झाल्या. १९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. लेणी, मूर्ती, शिलालेख यांची चित्रे घेण्याचे हे काम त्यांच्या प्रकृतीला मानवणारे होते. परंतु वंगभंगाच्या चळवळीचे वारे वाहू लागले आणि सरकारी नोकरीत त्यांचे मन रमेना. नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्याचा प्रसिद्ध मुद्रणालय-कारखाना होता. घरोघरी भिंतीवर लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे तेथून निघत. त्या कारखान्यासाठी शिळाछापाचे ठसे करून देण्याचे काम फाळक्यांकडे आले. देवादिकांची रूपे सामान्य माणसाच्या डोळ्यांत कशी ठसतात, हे त्यांनी येथे पाहिले. पुढे छापखाना दादरला आला, भागीदार आले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे नाव झाले, यंत्रसामग्रीसाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. कामाची वाखाणणी झाली, पण भागीदारांशी पटले नाही, आणि चाळिशी उलटलेला हा माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडला.

अशा मनःस्थितीत १९११ च्या सुमारास, ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्या एका तंबू-थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण दिसू लागले होते. ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यानंतरचे त्यांचे परिश्रम मात्र तितके परिचित नाहीत. मिळतील तितके चित्रपट त्यांनी पाहिले, घरी खेळण्यातला प्रोजेक्टर आणून रात्रीच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात रिळांचे तुकडे न्याहाळले. झोप उडाली, डोळ्यांवर ताण पडला आणि काही काळ दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. डोळे परत मिळाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती पैसे उभे करण्याची. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये त्यांचा मुक्काम दोनच आठवड्यांचा होता. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला आणि मग त्यांची जिद्द पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठविले. फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा, कोरी कोडॅक फिल्म आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी केली. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांविना येई. ती अंधारात यंत्रावर चढवून दोन्ही कडांना समान अंतरावर छिद्रे पाडावी लागत, तरच कॅमेऱ्याचे दाते तिला पुढे ओढीत. दादरच्या घरी हे काम सरस्वतीबाई करू लागल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात तासन् तास उभे राहणे, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडणे व फिल्म धुणे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञ म्हणून या बाईंचे नाव घेतले पाहिजे.

भांडवलदारांना पटविण्यासाठी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक लघुपट केला. कुंडीसमोर कॅमेरा रोवून दिवसेंदिवस ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. पडद्यावर बी रुजून वेल झपाट्याने वर चढताना दिसला आणि कर्ज देणारा मिळाला. सरस्वतीबाईंचे दागिनेही या खटाटोपात गेले. ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट आज उपलब्ध नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ची हकीकत येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी स्त्री मिळेना म्हणून एका उपाहारगृहातल्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसविले. रोहिताश्व म्हणून फाळक्यांचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. वांगणीचा प्रसंग मात्र ठाणे जिल्ह्यातील वाचकांसाठी नोंदवायला हवा. ढाल-तलवारी घेतलेली मंडळी गावात येताच दरोडेखोरांची टोळी आल्याची बातमी पाटलाने फौजदाराला कळविली, सारे ताब्यात घेतले गेले आणि मागाहून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा दाखवून सुटका करून घेतली. याच मुक्कामात भालचंद्र खडकावर पडून त्याचे डोके फुटले. बेशुद्ध मुलाला घेऊन परतण्याऐवजी फाळक्यांनी रोहिताश्वाच्या मृत्यूचा प्रसंग त्याच अवस्थेत चित्रित केला, असे चरित्रे सांगतात. कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून ही आठवण सांगितली जाते. ती ऐकताना अंगावर काटा येतो, हेही तितकेच खरे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट सर्वांसाठी प्रदर्शित झाला. पुढे सुरतेला नेला तेव्हा पहिल्या खेळाला जेमतेम तीन रुपये जमल्याची आख्यायिका आहे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीचा जो मजकूर तयार केला, त्यात त्यांच्यातला छायाचित्रकार लख्ख दिसतो. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, किंमत फक्त तीन आणे, असा त्याचा आशय होता. दोन मैल ही शुद्ध व्यापारी अतिशयोक्ती. चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा, म्हणजे पाऊण मैलाहून कमी होता. परंतु सत्तावन्न हजारांचा आकडा हिशेबाला जवळ जातो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात; ३७०० फुटांत ती ५९,२०० होतात. लोकांना हलते चित्र दिसत होते, फाळक्यांना एकेक करून धुतलेली छायाचित्रे दिसत होती.

यशानंतर ते त्याच वर्षी नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी काम केले आणि पडद्यावर स्त्रिया आल्या. ‘सत्यवान सावित्री’ झाला. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपटांच्या प्रती घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी तंत्राची स्तुती केली, तेथेच राहून चित्रपट करण्याचे आमंत्रणही आले. ते नाकारून परतले तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते, कोरी फिल्म महाग आणि दुर्मिळ झाली होती आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. १९१७ च्या ‘लंका दहन’ने मात्र सारी कसर भरून काढली. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांच्याच. जमा झालेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, अशा गोष्टी सांगितल्या जात.

त्याच १९१७ मध्ये फाळक्यांनी एक गोष्ट केली, जिच्याकडे चरित्रकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पुन्हा तयार केला. मूळ चित्रपटाची सामग्री सततच्या प्रदर्शनांनी निकामी झाली होती, असे त्याचे कारण दिले जाते. निगेटिव्ह धडधाकट असती, तर नवी प्रत काढणे हे छपाईच्या कारागिराला एका दिवसाचे काम होते. ज्या अर्थी नटांना पुन्हा उभे करावे लागले, त्या अर्थी चार वर्षांतच पहिल्या भारतीय चित्रपटाची मूळ प्रतिमा वापरण्याजोगी राहिली नव्हती, असे अनुमान काढावे लागते. आपल्या पहिल्या अपत्याची निगेटिव्ह गमावण्याचा अनुभव खुद्द फाळक्यांच्या वाट्याला त्यांच्या हयातीतच आला होता.

दोष केवळ निष्काळजीपणाचा नव्हता; फिल्मचाही होता. तेव्हाची सारी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. बंदुकीच्या कापसाचीच ही भावकी. जळताना ती स्वतःच प्राणवायू पुरविते, त्यामुळे पाण्यात बुडविली तरी विझत नाही. न जळता राहिली तरी हळूहळू विघटित होते. आधी आकसते, मग चिकट होते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. आपल्याकडची उष्णता आणि पावसाळी दमट हवा या क्रियेला हातभारच लावते. शिवाय त्या फिल्मवरच्या प्रतिमेत चांदी होती. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ झळकला आणि मूकपट एका रात्रीत कवडीमोल झाले. तेव्हा चित्रपटाला किंमत नसली तरी चांदीला होती. रिळे किलोवर विकली गेली, धुऊन चांदी काढली गेली. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले शेकडा पाचही आज उरलेले नाहीत.

फाळक्यांचे स्वतःचे आयुष्यही या फिल्मप्रमाणेच आकसत गेले. ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’त मुंबईचे भांडवलदार भागीदार झाले. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि मुलगी मंदाकिनी हिची भूमिका असलेला ‘कालिया मर्दन’ हे १९१८ आणि १९१९ चे गाजलेले चित्रपट. पण जमाखर्चाच्या वह्या आणि कलावंताचा हट्ट यांचे सूत जमले नाही. फाळके चिडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, पुन्हा कंपनीत आले, चित्रपट काढीत राहिले. पूर्वीची चमक मात्र परतली नाही. मूकपट म्हणून केलेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात १९३७ मध्ये पूर्ण झालेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाचा त्यांनी पाया घातला, तो तोपर्यंत इतका मोठा झाला होता, की त्याला ही बातमी मोठी वाटली नाही.

वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी आपले सारे आयुष्य या संग्रहालयाला वाहिले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे पोचून जे काही तुकडे उरले होते ते त्यांनी मिळविले. चार रिळांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची दोन रिळे, पहिले आणि शेवटचे, हाती आली. लांबी सुमारे पंधराशे फूट, म्हणजे जाहिरातीतल्या सत्तावन्न हजार छायाचित्रांपैकी जेमतेम चोवीस हजार. ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी, ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘लंका दहन’ काही शे फुटांपुरते. नायट्रेटवरून सुरक्षित फिल्मवर प्रती काढण्यात आल्या. ही दूरदृष्टी किती योग्य होती, हे ८ जानेवारी २००३ रोजी सिद्ध झाले. पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि मोठ्या प्रमाणावर जुनी रिळे भस्मसात झाली. ज्यांच्या प्रती निघाल्या होत्या, तेवढेच चित्रपट उरले.

हाती आलेली ती दोन रिळे १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि काही जाणकार ती १९१७ चीच मानतात. येथे स्कॅनरचा प्रश्न चरित्राशी थेट जाऊन भिडतो. ईस्टमन कोडॅकने १९१६ पासून आपल्या फिल्मच्या कडेवर वर्ष ओळखण्याच्या बारीक खुणा छापायला सुरुवात केली होती. अशा खुणा छिद्रांच्या बाहेर, चित्रचौकटीपलीकडे असतात. केवळ चौकटीपुरती प्रत काढली, तर साक्षीदार कात्रीत जातो. म्हणूनच संग्रहालयांसाठी यंत्र निवडताना ते कडांसह पूर्ण रुंदी टिपते की नाही, हे पाहिले जाते.

आणखी एक अडचण छिद्रांचीच. दादरच्या अंधाऱ्या खोलीत पाडलेली छिद्रे शंभर वर्षांत फिल्मबरोबर आकसली. शेकडा एखादा टक्का आकुंचनही जुन्या दातेरी यंत्रांना सोसत नाही. दाते छिद्रांत बसत नाहीत आणि फिल्म फाटते. त्यामुळे दात्यांऐवजी गुळगुळीत रुळांवरून फिल्म सरकविणारे आणि छिद्राची जागा प्रकाशाने ओळखणारे स्कॅनर अशा रिळांसाठी योग्य मानले जातात. दिवाही उष्णता न देणारा हवा, कारण समोर नायट्रेट असते. ओरखडे लपविण्यासाठी फिल्म तिच्या पायाच्या पट्टीइतकाच वक्रीभवनांक असलेल्या द्रवात भिजवून टिपण्याची सोयही काही यंत्रांत असते. मोठ्या, म्हणजे चार हजार ठिपके रुंदीच्या स्कॅनमध्ये एकेक चौकट पन्नासेक मेगाबाइट जागा घेते. फाळक्यांची सत्तावन्न हजार छायाचित्रे पूर्ण उरली असती, तर त्यांना तीनेक टेराबाइट लागले असते. आज ही साठवण एका हाताच्या तळव्यावर मावते.

घरच्या पोटमाळ्यावर बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह जपणाऱ्या वाचकालाही हेच हिशेब लागू पडतात, फक्त प्रमाण लहान. फाळक्यांनी गोध्र्याला वापरल्या असतील तशा मोठ्या काचेच्या पट्ट्यांसाठी झाकणात दिवा असलेला साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच बाराशे डीपीआयला टिपली, तरी सुमारे आठ कोटी ठिपके मिळतात. तोच बाराशे डीपीआय पस्तीस मिलिमीटरच्या इवल्या चौकटीला लावला, तर वीस लाखही भरत नाहीत. तेथे चार हजार डीपीआयचा खास फिल्म स्कॅनर किंवा प्रकाशफलकावर मॅक्रो भिंगाने घेतलेले चित्रच हवे. रंगीत स्लाइडच्या गडद भागांत तपशील उतरवायचा, तर डीपीआयच्या जाहिरातीपेक्षा यंत्राची घनता-मर्यादा पाहणे शहाणपणाचे. आणि धूळ आपोआप पुसणारी अवरक्त किरणांची सोय कृष्णधवल निगेटिव्हवर बंद ठेवावी. ते किरण प्रतिमेतील चांदीलाच धूळ समजतात. महागड्या यंत्राने काढलेल्या चित्रांत माणसांचे चेहरे विरघळल्यासारखे दिसतात, तेव्हा बहुधा हाच प्रकार झालेला असतो.

मात्र सर्वांत उत्तम स्कॅनरही निगेटिव्ह सोडून तिच्या छापील प्रतीला लावला, तर हाती उरते ते दुय्यमच. प्रत्येक पिढीगणिक करडे तपशील काळ्यात किंवा पांढऱ्यात बुडतात. फाळक्यांच्या चित्रपटांबाबत हे दुःख अटळ आहे. आज संगणकाच्या पडद्यावर दिसणारा हरिश्चंद्र प्रतीच्या प्रतीवरून आलेला असतो, आणि त्यातले खरखरीत, भगभगीत उजेडाचे दर्शन पाहून कित्येक तरुण प्रेक्षक फाळक्यांचे तंत्रच कच्चे होते, अशी समजूत करून घेतात. लंडनच्या परीक्षकांनी १९१४ मध्ये ताज्या प्रती पाहिल्या होत्या, आणि त्यांचे मत वेगळे होते. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून गेल्या दशकात जुन्या रिळांची तपासणी, स्कॅनिंग आणि दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. २०२२ मध्ये संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. यंत्रे आता चांगली आहेत. त्यांच्यात घालण्यासाठी फाळक्यांची मूळ निगेटिव्ह मात्र उरलेली नाही.

जे थोडे उरले त्यात १९१७ च्या सुमाराचा एक लघुपटाचा तुकडा आहे. चित्रपट कसे तयार होतात, हे लोकांना दाखविण्यासाठी फाळक्यांनी तो केला. धंद्यातली गुपिते झाकून ठेवण्याच्या त्या काळात हा उघडेपणा विरळाच. त्यात ते स्वतः दिसतात. दादासाहेबांच्या प्रसिद्ध छायाचित्रातही ते फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून एकेक चौकट न्याहाळताना दिसतात.